गुऱ्हाळातून आणलेली नाव

सासऱ्यानं अट घातली ती चार माणसांत घातली, म्हणून पुढं त्याला स्वतःलाही ती मागं घेता आली नाही. "पावणं," तो म्हणाला, "आखितीला तुमची सवताची नाव पाण्यावर दिसली, तर पोरगी नांदाय धाडतो. न्हाईतर जातीतली चार टाळकी बसवू आन् काडीमोड करून मोकळं व्हऊ. काठावर हुभा ऱ्हाऊन जाळं फेकणाऱ्याच्या घरात माजी पोर उपाशी मारायची न्हाई मला."

सांगलीच्या खालच्या अंगाला त्याचं गाव. त्याच्या ओसरीवर मी मान खाली घालून बसलो होतो. राग आला होता, खोटं कशाला सांगू? वाटलं, ह्याच्या पटक्यासकट ह्याला नदीत बुचकळावं. पण तो म्हणत होता त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

आम्ही भोई. कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. वडील लवकर गेले आणि मी चुलत्याच्या नावेवर राबत मोठा झालो. नाव त्याची, जाळं माझं, मासे अर्धेअर्धे. पुढं त्याची दोन पोरं हाताशी आली आणि एका सकाळी तो म्हणाला, "आता नावंत जागा न्हाई गड्या." वर आभाळ पाठ फिरवून बसलेलं. ते दुष्काळाचं साल होतं. नदी वाहायची थांबली होती, डोहाडोहानं तेवढी उरली होती. वरनं धरणाचं पाणी सोडलं तर दोन दिवस हलायची, परत गप्प. मासा सगळा डोहाच्या मधोमध जाऊन बसलेला आणि काठावरून फेकलेलं जाळं तिथवर पोचत नव्हतं. मला काय मिळायचं? झिंगे आणि बोटाएवढी चिलापिली. लग्नाला वर्ष झालं होतं. बायको सगळ्यांच्या मागनं जेवायची, म्हणजे जेवायचीच नाही, हे मला कळायलाही वेळ लागला. संक्रांतीला तिचा भाऊ न्यायला आला, त्यानं तिच्या मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकताना बघितल्या आणि परत पाठवली नाही.

त्या दिवशी सासऱ्याच्या ओसरीवरनं मी उठलो तेव्हा ती पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. बापाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "आवं, कसली का असंना, पर नाव घ्या. म्या आखितीला गाठुडं बांधून बसती."

तेवढ्या शब्दावर मी परतलो. अक्षय तृतीयेपर्यंतच मुदत होती.

नाव घ्यायची म्हणजे काय बाजारातनं वांगी आणायची होती? मी पहिल्यांदा सांगडीचा विचार केला. वाळलेले भोपळे एकत्र बांधले की सांगड होते, आमच्या आज्या-पणज्यापासूनचं साधन. पण भोपळा चुलीवरच्या धुरात वर्षभर टांगावा लागतो, तेव्हा त्याचं कवच पाण्याला दाद देत नाही. आणि त्या साली वेल होतेच कुठं? शेजारच्या गावातल्या एका म्हाताऱ्या भोयानं दया येऊन दोन भोपळे दिले, त्यातल्या एकाला उंदरानं दार केलेलं. राहिलेल्या एकावर मांजर तरंगलं असतं, मी नाही.

मग कुणीतरी ट्यूब सुचवली. मलकापूरला हमरस्त्याच्या कडेला पंक्चर काढणाऱ्याकडं ट्रकची जुनी ट्यूब होती. मी गेलो. ट्यूब कमी आणि ठिगळंच जास्त. तरी मी घासाघीस करून, उद्या येतो म्हणून सांगून आलो. आईला सांगितलं तर ती भाकरी थापायची थांबली. "त्याच्यावर बसून सासऱ्याम्होरं जाणार व्हय रं? म्हशी धुणारी पोरं बसत्यात त्याच्यावर! आन् शिंगटीचा एक काटा लागला म्हंजी?" खरं होतं. शिंगटी जाळ्यात सापडली की काटा ताठ करते. रबराला लागला तर डोहाच्या मधोमध माझं खाली बसणं ठरलेलं.

लाकडी नाव बघायला मी सांगलीला गेलो. तिथं घाटाच्या वर एक सुतार नाव जोडत होता. काय देखणी होती हो! फळीला फळी अशी बसवलेली की नख शिरू नये. मी तिच्या काठावरून हात फिरवला. सुतारानं माझ्या पायाकडं बघितलं. पायात वहाण नव्हती. "कुणासाठी बघताय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मालकानं धाडलंय." स्वतःसाठी म्हणायची जीभच रेटली नाही. एस. टी. स्टँडवर येऊन मी भिंतीकडं तोंड करून रडलो. एवढा बाप्या गडी, पण रडलो. आखिती जवळ येत होती आणि माझ्याकडं दोन भोपळे होते, त्यातला एक उंदरानं खाल्लेला.

परत येताना गावाच्या तीन कोस अलीकडंच उतरलो. पुढचं तिकीट परवडणार नव्हतं. ऊन मी म्हणत होतं. रस्त्याच्या कडेला एक गुऱ्हाळ दिसलं म्हणून पाणी मागायला वळलो. गुऱ्हाळ बंद होतं. आधीच बराच ऊस कारखान्याला जायला लागलेला, त्यात दुष्काळ. चुलवाणाच्या विझलेल्या भट्टीत कुत्रं झोपलेलं. छपरात म्हातारा गुळव्या, म्हणजे रस आटवून गूळ करणारा कारागीर, राखण करत बसला होता. त्याच्या मागं रस आटवायच्या दोन भल्यामोठ्या लोखंडी कढया पालथ्या पडलेल्या. काहील म्हणतात तिला, आमच्या तोंडात कायल. एकीच्या खाली कोंबडी अंड्यावर बसली होती.

पाणी पिता पिता मी त्याला माझं रडगाणं ऐकवलं. तो म्हणाला, "नाव, नाव काय करतुयास? पुरात समदं गाव कायलीतनं पल्याड जातंय की."

मी कपाळावर हात मारून घेतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कृष्णाकाठचं पोर मी, पूर आला की कायलीत बसून किती वेळा नदी ओलांडली असेल. दहा माणसं आणि एक शेळी पेलणारी ती वस्तू मला नाव म्हणून दिसलीच नव्हती.

मालक सायंकाळी आला. नवी कायल देणार नाही म्हणाला, जुनी न्यायची तर ने. जुनीच्या तळाला ताटाएवढं ठिगळ होतं, रिबिटं ठोकून बसवलेलं, आणि आतून त्याच्यावर वर्षानुवर्षं करपलेल्या रसाची काळी खरवड दगडासारखी बसलेली. मी दगडानं वाजवून बघितली. नवी घंटेसारखी वाजायची, ही नुसती ठप्प म्हणायची. गुळव्या म्हणाला, "वाजवून काय बघतुयास? पाण्यात घाल." चौघांनी मिळून ती जवळच्या डोहापर्यंत लोटत नेली. आत दगड भरून, मी स्वतः बसून, ती दुसऱ्या दिवशी दिवसभर पाण्यावर ठेवली. घटकाघटकानं तळावर तळहात ठेवून बघत होतो. कोरडी ठणठणीत! मला तर उठून नाचावंसं वाटलं, पण कायल गरकन फिरली आणि मी तोंडावर आपटलो.

मालकानं पैशाचं नाव काढलं नाही. त्याच्याकडं विहीर आटत चालली होती, तिचा गाळ आणि मुरूम काढायला माणूस हवा होता. "विहिरीत उतर," म्हणाला, "हातभर पाणी लागलं की कायल तुजी."

उतरलो. खाली वारा नाही, वर आभाळाचा एक गोल तुकडा. पहार मारायची, मुरूम पाटीत भरायचा, पाटी दोरीला लावायची. तळहाताची साल निघाली, तिथं फडकं गुंडाळलं, फडकं चिकटलं. एकदा वरनं धोंडा निसटून माझ्या खांद्याला घासून गेला आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? आता हात मोडला तर आखिती हुकली. जिवाचं काही वाटलंच नाही. पाडवा विहिरीतच गेला. रोज वाटायचं, पाणी लागणार नाही, ह्या भोकातच आपला संसार पुरला जाणार. आणि एके दिवशी दुपारी पहारीखाली ओल लागली, मग पाझर, मग पाणी. मी त्या गढूळ पाण्यात बसून राहिलो. वरनं गुळव्या ओरडत होता, "आरं मेलास का काय?"

कायल बैलगाडीत घालून गावात आणली तेव्हा जत्राच जमली. "काय रं, मासं पाकात घालून इकणार व्हय?" "कवा हाय जेवाण? समद्या गावाला आवतान हाय न्हवं?" चुलत्याची पोरं तर पोट धरून हसत होती. हसा लेको, म्हटलं. मी डोहात घातली आणि वल्ह्याचा पहिलाच फटका मारला तर भिंगरी झाली. कायलीला नाक नाही, शेपूट नाही, एका अंगानं ढोसलं की जागच्या जागी फिरते. मग शिकलो. एक फटका डावीकडं, लगेच एक उजवीकडं, आणि अंग मधोमध ठेवायचं. डोहाच्या मध्यावर जाळं टाकलं आणि हाताएवढी वांब आली. त्या दिवशी आमच्या घरात कालवणाचा वास सुटला. आई जेवताना एकदा हसली आणि एकदा तिनं डोळ्याला पदर लावला.

आमच्यात असल्या कामाला निरोप धाडत नाहीत, नारळ घेऊन स्वतः जावं लागतं. आखितीच्या आदल्या दिवशी मी सासऱ्याकडं निघालो. मुक्काम करून सकाळी त्यांना घेऊनच यायचं ठरलं. जाताना आईला म्हटलं, "कायलीला हळदी-कुंकू लावून ठेव." ती म्हणाली, "तू जा बिनघोर."

इथं आईचं सांगितलं पाहिजे. आमच्या आळीत आईची भांडी म्हणजे एक बोलायचा विषय होता. बायका म्हणायच्या, हिच्या ताटात तोंड बघून कुंकू लावावं. राख, विटेची भुकटी आणि काथ्या घेऊन ती बसली की कढईचं बूडसुद्धा उजळायची. त्या दुष्काळात भांड्यात घालायला काही नव्हतं, पण भांडी लखलखीत होती. करपलेलं भांडं घरात ठेवणारी बाई तिच्या मते बाईच नव्हे. आणि गाव हसत होतं ते कशाला? आमच्या नावेला कढई म्हणून हसत होतं.

दुसऱ्या दिवशी सासरा, त्याच्याबरोबर जातीतले दोन म्हातारे आणि मागं गाठुडं घेतलेली माझी बायको अशी आम्ही आमच्या गावच्या घाटावर आलो. बघतो तर काय, कायल चांदीच्या ताटासारखी झळकत होती. बाहेरून आणि आतून. काठावर हळदी-कुंकवाची बोटं उठवलेली. शेजारी आई बसलेली, नखं काळीकुट्ट, बोटांची सालपटं निघालेली, एका अंगाला खुरपं. सारी रात्र घासत बसली होती बिचारी. "आवं पावणं," ती सासऱ्याला म्हणाली, "जळकं भांडं कसं दावायचं तुमास्नी?"

बायकोनं वाकून कायलीत बघितलं. "आत्याबाई, तोंड दिसतंय की वं ह्यात!" आणि ती हसली. किती महिन्यांनी मी तिला हसताना बघत होतो. मला इतकं भरून आलं की मी घाईघाईनं नारळ फोडला आणि कायल पाण्यात लोटली.

चांगला गेलो. एक डावा, एक उजवा. काठावरून सासरा म्हणाला, "वा पावणं!" मध्यावर पोचलो आणि पायाला गार लागलं.

खाली बघितलं. ठिगळाच्या कडेनं, पांढऱ्याफेक झालेल्या रिबिटांच्या भोवतीनं पाणी वर येत होतं, अगदी शांतपणे, झऱ्यासारखं. तिथं काल काळी खरवड होती. आज तिथं उघडं लोखंड चमकत होतं. तेव्हाच मला सगळं कळलं. कळून करणार काय होतो?

तांब्या होता. काठावरच्यांना दिसू नये म्हणून मी वाकून, जाळं आवरतोय असं दाखवत पाणी उपसायला लागलो. एका हातानं उपसणं, एका हातानं जाळं. देवा, एवढी वेळ निभाव, म्हटलं, एवढी एकच वेळ. जाळं टाकलं आणि ते जड लागलं. मरळ होती, चांगली थोरली, जाळ्यात आपटत होती. ओढायला दोन हात पाहिजेत आणि उपसायचं थांबलं की पाणी घोट्यावर येत होतं. "वढा की पावणं!" सासरा ओरडला. मी डोक्याचं मुंडासं सोडून ठिगळावर कोंबलं आणि त्याच्यावर बसलो. पाणी मांडीखालनं येतच राहिलं. वल्हं सुटलं, कायल फिरायला लागली, आणि फिरता फिरता मला काठावरचं एकेक तोंड दिसत होतं. सासरा, म्हातारे, आई, बायको, परत सासरा. मग कायलीचा काठ पाण्याला टेकला. लोखंडच ते, एका घोटात गेलं. जाळं आणि मरळही त्याच्याबरोबर गेली.

मी पोहत काठाला आलो. कुणीतरी मागं हसलं आणि त्याला कुणीतरी गप्प केलं.

बायको गुडघाभर पाण्यात उतरली होती, गाठुडं छातीशी धरून. बापाकडं वळून म्हणाली, "बाबा, पवत तर आलं की ते. आता जाऊ द्या मला घरी."

"पवणारा न्हवता मागितला म्या," सासरा म्हणाला. "तारणारा मागितला व्हता."

तो वाईट माणूस नव्हता. त्याचाही आवाज फाटला होता. त्यानं तिचा हात धरला नाही, नुसतं तिच्या हातातलं गाठुडं घेतलं आणि चालायला लागला. ती जराशी थांबली, माझ्याकडं बघितलं आणि मग गाठुड्यामागनं गेली. मी हाक मारली नाही. हाक मारून तिला कुठं आणणार होतो? घरातल्या त्या लखलखीत, रिकाम्या भांड्यांत?

आई माझ्याजवळ आली. तिला काही समजत नव्हतं. "कुठनं आलं रं पानी? परवा तर कोरडी व्हती."

मी तिच्या नखांकडं बघितलं. "तळ कुजका निघाला," मी म्हटलं. "गुळव्यानं फसवलं."

"मुडदा बशिवला त्येचा!" आई म्हणाली आणि घाटावर बसून तिनं त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. मी तिला अडवलं नाही. शिव्या द्यायला कुणीतरी असलं की माणसाला बरं असतं.

दुसरा सारा दिवस मी डोहात बुड्या मारत काढला, पण कायल हाताला लागली नाही. पाऊस लागायच्या आत काडीमोड झाला. बायकोचं पुढं नदीच्याच खालच्या एका गावात दुसरं लग्न लागलं. मी काही दिवस दुष्काळी कामावर खडी फोडली, मग दुसऱ्या साली भोपळे लावले, धुरात टांगले, सांगड बांधली. मासे मिळायला लागले. कुणासाठी, ते विचारू नका.

बऱ्याच काळानं कऱ्हाडच्या बाजारात तो गुळव्या भेटला. मी तोंड चुकवून निघालो होतो, त्यानंच हाक मारली. "आरं, तुजी आई बरी हाय न्हवं?"

मी म्हटलं, "तुमी कुठं वळखता तिला?"

"आलती की! त्या आखितीच्या दुसऱ्याच दिशी, उन्हातानाची चालत. दारातनंच शिव्या द्याय लागली. लय बोलली. म्या म्हणलं, बाई, तुज्या पोरानं दिसभर पाण्यात घालून बघितलीया कायल. ठिगळावरची खरवड हाय तवर थेंब याचा न्हाई आत, तीच तर तिची लाख. खरवड काढली का काय कुणी? तवा गप झाली बघ. पानी मागितलं. दिलं तर प्याली न्हाई, तांब्या तसाच खाली ठिवला आन् गेली."

त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा आई चुलीपुढं होती. कढईत मासे रटरटत होते. मी कढईकडं बघितलं. आतून काळी होती, कडेपर्यंत. तवा काळा होता. पातेल्याच्या बुडाला करप धरलेली. हे मी रोज बघत होतो. आळीतल्या बायका म्हणायच्या, म्हातारीचा हात थकला, आणि मीही तेच धरून चाललो होतो. पण आईचा हात कुठं थकला होता? ती अजून दळत होती, पाणी आणत होती, डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायला जात होती.

तिनं मला वाढलं. "बाजारात कोण भेटलं का रं?" तिनं विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं. "कोण न्हाई."

जेवण झाल्यावर तिनं कढई दारात नेली. आत पाणी ओतलं, हातानं नुसतं हिंदळलं, बोटांनी तळाची करप चाचपून बघितली, जागेवर आहे ना अशी, आणि कढई भिंतीला पालथी घातली.